पुसलेला आकडा : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाच्या फळ्याचा प्रकरण अभ्यास

२० मे २०२१. सकाळी नऊच्या सुमारास आमच्या गावातल्या एक काकू प्राथमिक आरोग्य केंद्राकडे निघाल्या. वय साठीच्या पुढे, अंतर नऊ किलोमीटर, एसटी जवळजवळ बंदच. पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गेल्या. कोरोनाच्या लशीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पदराच्या गाठीत बांधलेलं. कार्डावर ६ एप्रिल ही तारीख होती, आणि त्याच दिवशी तिथल्या सिस्टरने तोंडी सांगितलं होतं की दुसरी लस सहा ते आठ आठवड्यांनी. काकूंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर सहा आठवडे मोजून १८ मेला गोल केला होता. दोन दिवस जाऊ दिले आणि निघाल्या.

केंद्रावर कळलं, आता बारा ते सोळा आठवडे. कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर केंद्र सरकारने १३ मेला वाढवलं होतं. ८४ दिवस पूर्ण झाल्याशिवाय संगणकात त्यांचं नाव पुढे सरकेना. सिस्टरचा नाइलाज होता. काकू दुपारी बाराच्या उन्हात, यवतमाळचं मे महिन्यातलं ऊन, तशाच परत आल्या.

संध्याकाळपर्यंत गावात दोन गोष्टी पक्क्या झाल्या होत्या. एक, लस संपली म्हणून आठवडे वाढवले. दोन, पहिली लस चुकीची दिली होती आणि आता लपवताहेत. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रावर लसीकरणाचं सत्र होतं. कोविशील्डच्या एका बाटलीत दहा डोस असायचे, आणि एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागायची. म्हणून दहा माणसं जमेपर्यंत बाटली उघडत नसत. त्या दिवशी दहा जमलेच नाहीत. जे आले होते ते दोन तास बसून घरी गेले, आणि त्यांनी घरी जाऊन सांगितलं की लस नाहीच तिथं.

हे प्रकरण त्या दोन दिवसांचं, आणि त्यानंतर गावाने माहिती सांगण्याची रीत कशी बदलली त्याचं. मी या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. ग्रामस्तरीय समितीत सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडीताई यांच्यासोबत माझंही नाव होतं, आणि अक्षर बरं म्हणून ग्रामपंचायतीसमोरचा फळा माझ्याकडे होता. त्यामुळे यातली एक मोठी चूक माझ्या हातची आहे. गावाचं नाव देत नाही. घाटंजी-पांढरकवडा पट्ट्यातलं गाव आहे, एका ग्रामपंचायतीत मुख्य गाव, एक बंजारा तांडा आणि एक कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, असं मिळून. कपाशी, तूर, सोयाबीन. पावसावरची शेती.

आधीचं वर्ष

मार्च २०२० पासून फोन लावला की आधी कुणीतरी खोकायचं, मग सूचना, मग रिंग. त्या दिवसांत माहितीची टंचाई नव्हती, उलट पूर आला होता. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. पुण्या-मुंबईहून पोरं परतली, त्यांच्या हातावर शिक्के, शाळेच्या वर्गात चौदा दिवस मुक्काम. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली. आशाताईंच्या पिशवीत ऑक्सिमीटर आणि ताप मोजायचं यंत्र आलं, घरोघरी नोंदी झाल्या. पहिल्या लाटेत आमच्या गावाला फारशी झळ बसली नाही. शहराचा आजार आहे, असंच बहुतेकांचं मत झालं.

पण त्या वर्षाने तीन गोष्टी मागे ठेवल्या, आणि त्या पुढे नडल्या. परतलेल्या पोरांची नावं कुणीतरी व्हॉट्सअॅपवर फिरवली होती. त्यातल्या एका घरी दुधाचं गिऱ्हाईक तुटलं ते वर्षभर तुटलेलंच राहिलं. तपासणी करून घेतली की नाव होतं, हे लोकांच्या मनात बसलं.

दुसरी गोष्ट भाषेची. बाधिताच्या संपर्कात आलेल्याला वेगळं ठेवणं आणि बाधिताला वेगळं ठेवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दिवसही निराळे. कागदावर अलगीकरण, विलगीकरण असे शब्द यायचे, ते पत्रकागणिक अदलाबदल व्हायचे, आणि गावाच्या तोंडी दोन्हींना एकच शब्द होता, कोरंटाईन. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर २०२० मधला ‘१४ दिवस’ लिहिलेला कागद एप्रिल २०२१ मध्येही चिकटलेला होता. सौम्य लक्षणांच्या रुग्णाला लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस आणि शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर विलगीकरण संपतं, असं नवी सूचना सांगत होती. ती व्हॉट्सअॅपवर होती. भिंतीवर चौदाच.

तिसरी गोष्ट फवारणीची. पहिल्या वर्षी गावोगाव कपाशीच्या पंपाने हायपोक्लोराईट हे जंतुनाशक मारलं, रस्त्यावर, भिंतींवर, काही ठिकाणी माणसांवरसुद्धा. माणसांवर फवारू नये असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं. ते सांगणं आमच्यापर्यंत पोचलं तोवर फवारून झालं होतं. इथं एक सांगायला हवं. याच जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हाही नंतर पत्रकं आली होती, तोंडाला बांधा, हातमोजे घाला. तोंडाला बांधायचं म्हणजे काय, ते न बांधल्यानं काय होतं, हे या भागाला मुंबईहून शिकवायची गरज नव्हती. त्या आठवणीला धरून कुणी मास्कबद्दल बोललं असतं तर लोकांनी चटकन ऐकलं असतं. आम्हालाही ते उशिरा सुचलं.

लस आणि लाट एकदम

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ या पट्ट्यात रुग्ण वाढू लागले. अमरावती आणि अचलपूरला २२ फेब्रुवारीपासून पुन्हा टाळेबंदी लागली. एप्रिलपर्यंत ती लाट खेड्यात उतरली. आणि १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली.

म्हणजे आमच्याकडे लाट शिखरावर असताना लोकांनी पहिली लस घेतली. याचा परिणाम काय होणार होता ते आधी कुणी सांगितलं असतं तर पुढचं पुष्कळ टळलं असतं. लस टोचली की त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही, शरीराला निदान दोन-तीन आठवडे लागतात. आजाराची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस, कधी चौदापर्यंत लागतात. त्यामुळे लशीच्या रांगेत उभ्या असलेल्यांपैकी काहींना आधीच लागण झालेली असणार आणि ते पुढच्या आठवड्यात आजारी पडणार, हे उघड होतं. गावाने पाहिलं ते एवढंच, की लस घेतली आणि आजारी पडला.

त्यात एक मृत्यू झाला. पन्नाशीतला शेतकरी, धडधाकट. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लस घेतली, दोन दिवसांत ताप, आठ दिवसांनी दम लागला, महिना संपायच्या आत गेला. गावात लस थांबली. खरं तर ती त्याच दिवशी थांबली होती. काकू परत आल्या तो दिवस म्हणजे फक्त वरचा घाव.

आशाताई आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम त्या घरी गेल्या, मीही सोबत होतो. सुतकाचे दिवस होते, म्हणून बाहेर ओट्यावर बसलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग थोरला मुलगा म्हणाला, ‘‘बाबाचा घसा आधीच दुखत होता. लस घ्याच्या दोन दिवस आधीपासून.’’ मार्चच्या शेवटी सगळे नात्यातल्या लग्नाला गेले होते. तिथले आणखी काही जण आजारी पडले होते.

मग हे गावात का सांगितलं नाही? कारण त्या लग्नाला ठरवून दिलेल्या संख्येपेक्षा जास्त माणसं होती. एप्रिलमध्ये नियम आणखी कडक झाले, लग्नाला पंचवीसच माणसं, दोन तासांत उरकायचं, मोडलं तर पन्नास हजार दंड. मार्चच्या लग्नाला तो नियम लागू नव्हता, पण हे कुणाला ठाऊक? मुलगा म्हणाला, ‘‘बाप तं गेलाच. आता मामाले पन्नास हजाराचा भुर्दंड कायले?’’

हे माझ्या डोक्यातून जात नाही. दंडाची बातमी गावात एका दिवसात पोचली होती. दंड कोणत्या तारखेपासून हे पोचलं नव्हतं. आणि त्या एका न पोचलेल्या तारखेपायी एका मृत्यूचं खरं कारण घरात दडून राहिलं, आणि खोटं कारण गावभर फिरलं.

आम्ही त्यांचं नाव कुठंही घेतलं नाही, फळ्यावर तर नाहीच. मुलानेच दहाव्याला जमलेल्या चार जणांना सांगितलं. पुढे ते आपोआप पसरलं.

फळा

आता माझी चूक. काकू परत आल्या त्या रात्री मॅडमचा मेसेज आला, नवीन अंतर १२ ते १६ आठवडे, फळ्यावर लिहा. २१ मेला सकाळी मी फळ्यावरचं ‘६ ते ८ आठवडे’ ओल्या फडक्याने पुसलं आणि तिथंच ‘१२ ते १६ आठवडे’ लिहिलं. शाळेत रोज करतो तेच केलं. जुना पाठ पुसायचा, नवा लिहायचा.

काकूंचे यजमान तिथं आले. सत्तरी गाठलेले, बीपीची गोळी चालू, चौथीपर्यंत शिकलेले, पेपर मात्र रोज वाचणारे. गाव त्यांना काकाजी म्हणतं. त्यांनी चष्मा काढून फळ्याजवळ तोंड नेलं. खडूचा पुसट पांढरा डाग आणि त्यावर नवे आकडे.

‘‘काल इथं सहा लिवलं होतं ना गुरुजी?’’

‘‘हो काकाजी. आता नियम बदलला.’’

‘‘बदलला तं बदलला. पुसलं काहून?’’

मी म्हणालो, जुनं चुकीचं राहू नये म्हणून. ते म्हणाले, ‘‘कापसाचा भाव पडला तं पडला म्हनून सांगा. पन कालचा भाव नव्हताच, असं नोका सांगू. आमच्या घरची बाई नऊ कोस... नऊ किलोमीटर उन्हात गेली कालच्या आकड्यावर. तुमी तो आकडाच पुसून टाकला. मंग ती वेडी ठरली ना?’’

मी फळ्यासमोर उभा राहिलो. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या संध्याकाळी समितीची बैठक झाली. सरपंचताईंनी विचारलं, आठवडे का वाढवले ते आपल्यापैकी कुणाला माहीत आहे का? मॅडमना माहीत होतं. ब्रिटनमधल्या अभ्यासात दोन डोसांमधलं अंतर बारा आठवडे किंवा जास्त ठेवल्यावर लशीचा परिणाम चांगला दिसला होता, सहा आठवड्यांपेक्षा कमी अंतर असलेल्यांपेक्षा बराच जास्त. पण त्याच महिन्यात लशीचा तुटवडाही होता. १८ ते ४४ वयाचं लसीकरण राज्याने १२ मेच्या सुमारास थांबवलं होतं, साठा नाही म्हणून. गावाला तुटवडा दिसत होता. पहिलं कारण दिसत नव्हतं. आणि आम्ही तुटवड्याबद्दल गप्प राहिलो तर लोक पहिल्या कारणावर विश्वास का ठेवतील?

२२ मेला फळा पुन्हा लिहिला. वर तारीख. ‘६ ते ८ आठवडे’ पुन्हा लिहिलं आणि त्यावर एक आडवी रेघ मारली, वाचता येईल अशी. बाजूला ‘१२ मे पर्यंत हा नियम होता’. खाली ‘१३ मे पासून : १२ ते १६ आठवडे’. त्याखाली दोन ओळी: अंतर जास्त ठेवलं तर लस जास्त चांगली लागते असं अभ्यासात दिसलं. लशीचा साठाही सध्या कमी आहे. आणि शेवटी, ज्याने पहिली लस ६ एप्रिलला घेतली त्याची दुसरी २९ जून किंवा नंतर.

ही शेवटची ओळ काकूंसाठी होती. नाव नव्हतं, पण गावाला कळलं. ८४ दिवस मोजून काढणं हे काम आम्ही लोकांवर टाकत होतो. आता आशाताईंच्या वहीतून पहिल्या लशीच्या तारखा घेऊन प्रत्येक तारखेसमोर दुसरीची तारीख लिहिली. लोक आठवडे बघायला येत नसत, आपली तारीख बघायला येत.

‘साठाही सध्या कमी आहे’ या वाक्यावरून तालुक्याहून एक फोन आला. असं कशाला लिहिता, लोक घाबरतील. सरपंचताईंनी फोन घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘साहेब, लोकायले ते आधीच माहीत हाय. आमाले माहीत हाय हे त्यायले माहीत नव्हतं.’’ ओळ राहिली.

अठ्ठ्याऐंशी

फळ्याचा खरा उपयोग लशीपेक्षा आधी ऑक्सिमीटरच्या बाबतीत झाला, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आशाताई घरोघरी बोटाला ते यंत्र लावायच्या आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा सांगायच्या. एका घरी आजोबांचा आकडा आला अठ्ठ्याऐंशी. सून चुलीपाशी होती. तिने आतूनच विचारलं, ‘‘किती?’’ आशाताई म्हणाल्या, अठ्ठ्याऐंशी. सुनेचा चेहरा खुलला. ‘‘म्हंजे बरं हाय.’’

मी शिक्षक आहे, मला हे लगेच कळायला हवं होतं. आपल्याकडे शंभरातला आकडा म्हणजे गुण. अठ्ठ्याऐंशी म्हणजे पहिला वर्ग, वर विशेष प्रावीण्य. ज्या घरात पोराला दहावीला साठ टक्के मिळाले तर पेढे वाटतात, त्या घरात अठ्ठ्याऐंशी ऐकून कोण घाबरेल? ‘९४ पेक्षा कमी आल्यास तात्काळ संपर्क साधावा’ हे पत्रकात छापलेलं होतं. ते वाचून कुणाला धोका कळला नाही.

फळ्यावर मग एक उभी पट्टी काढली. वर १००, खाली ८०. ९४ वर जाड रेघ, आणि रेघेखाली लिहिलं, ‘हे मार्क नाहीत. रेघेखाली आला की नापास. गाडी बोलवा.’ जुन्या आजारामुळे कुणाचा आकडा मुळातच कमी असू शकतो, अशांची यादी मॅडमकडे होती. बाकी सगळ्यांना ही रेघ पुरली. ‘नापास’ हा शब्द मॅडमना खटकला होता, रुग्णाला वाईट वाटेल म्हणून. पण दुसऱ्या दिवशी एक पोरगा सायकलवर आला आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, आजी नापास झाली.’’ आजीचा आकडा एक्क्याण्णव होता. तासाभरात १०८ आली. शब्द राहिला.

यंत्र लावण्यातही खाचाखोचा होत्या. शेतात काम केलेली बोटं, भेगाळलेली, कडक. कुणाच्या नखाला मेंदी, कुणाला नेलपॉलिश, म्हातारीचे हात थंड. अशा वेळी यंत्र आकडा दाखवतच नाही किंवा चुकीचा दाखवतं. आशाताईंनी आपणहून रीत बसवली: आधी हात दोन मिनिटं एकमेकांवर चोळायचे, मग मधलं बोट, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, मोठ्याने तीस मोजायचे. ठीक दिसत असला तरी सहा मिनिटं अंगणात चालवून पुन्हा बघायचं. चालल्यावर आकडा घसरला तर तो बसून घेतलेल्या आकड्यापेक्षा जास्त बोलतो. त्या तीसपर्यंत मोजायच्या तेव्हा घरातली लहान पोरं त्यांच्यासोबत मोजायची.

आणि गाडी बोलवायची ती कुठं न्यायला? सौम्य रुग्णांना कोविड केअर सेंटर, मध्यमांना ऑक्सिजन असलेलं हेल्थ सेंटर, गंभीरांना कोविड हॉस्पिटल, असे तीन थर होते. नावं तिन्हींची सारखीच, तिन्हीत कोविड. मे महिन्यात एका कुटुंबाने दम लागलेल्या माणसाला जवळच्या सेंटरवर नेलं, तिथं ऑक्सिजन नव्हता, मग पुढे. त्यात दोन तास गेले. तो माणूस वाचला, पण नशिबाने. त्यानंतर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तीन ओळी कायमच्या. ‘ताप, खोकला, आकडा रेघेवर : इथं’. ‘आकडा रेघेखाली : तिथं’. ‘बोलता येत नाही, ओठ निळे : थेट यवतमाळ, १०८’. आरोग्य सल्ल्यासाठी १०४. केंद्रांची सरकारी नावं आम्ही लिहिलीच नाहीत, गावाच्या नावाने आणि इमारतीच्या खुणेने लिहिली.

पोडावर

पोडावरच्या लोकांनी लस घेतली नाही याचं कारण सगळ्यांनी एकच सांगितलं, अंधश्रद्धा. तालुक्यापर्यंत तेच गेलं. कोलाम समाज सरकारच्या लेखी विशेष असुरक्षित आदिम गटात येतो, त्यांची भाषा कोलामी, मराठीपेक्षा तेलुगूच्या कुळाला जवळची. फळा त्यांच्या पोडावर नव्हता, आणि असता तरी मराठीत असता. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली एक मुलगी आमच्यासोबत आली. आम्ही बोलायचो, ती कोलामीत सांगायची. निदान आम्हाला तसं वाटायचं. नंतर कळलं, आमचं निम्मं ती गाळायची, कारण ते तिला निरर्थक वाटायचं. बरोबरच होतं तिचं.

तिसऱ्या वेळी तिनेच आम्हाला प्रश्न सांगितला. लोक विचारत होते, लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप येतो म्हणता, मग त्या दिवसांची मजुरी? मे महिना तेंदूपत्त्याचा. पहाटे चारला जंगलात, दहापर्यंत पानं, दुपारी पुडके बांधायचे. सत्राची वेळ सकाळी दहा ते पाच. तेंदू संपला की लगेच पेरणीची मजुरी. दोन दिवस अंगात ताप घेऊन पडणं कुणालाही परवडत नव्हतं, आणि त्यात अंधश्रद्धेचा अंशही नव्हता. साधा हिशोब होता. आम्ही इतके दिवस लशीचे फायदे सांगत होतो, तोटा कुणी विचारलाच नव्हता.

जूनमध्ये पोडावर पहिलं सत्र झालं ते आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाचनंतर. बाजार पूर्ण सुरू झाला नव्हता, पण बाजाराच्या दिवशी कामावर न जायची रीत तशीच होती. ताप येणार तो सुट्टीच्या दिवशी येणार. प्रत्येकाला पॅरासिटामॉलच्या गोळ्या, आणि मुलीने कोलामीत सांगितलं की ताप आला तर घाबरायचं नाही, तिसऱ्या दिवशी उतरला नाही तर आशाताईंना फोन. आधी नावं विचारून ठेवली होती, त्यामुळे बाटली उघडायला माणसं कमी पडली नाहीत. सगळ्यांनी घेतली असं नाही. दोन घरांनी शेवटपर्यंत घेतली नाही. त्यांच्याशी आम्ही वाद घातला नाही. आशाताई त्यांच्याकडे ऑक्सिमीटर घेऊन जायच्या तशा जात राहिल्या.

वेळ बदलायला तालुक्याची परवानगी लागली आणि ती मिळायला बारा दिवस लागले. बाकी सगळ्याला मिळून चार दिवस लागले असते.

पन्नास हजार

लाट ओसरल्यावर फळा रिकामा होईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. कोविडने मरण पावलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये सानुग्रह मदत द्यायला सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ ला मान्यता दिली, नोव्हेंबरअखेर राज्याचा शासन निर्णय आला. अर्ज ऑनलाइन. तपासणीत कोविड निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल, तर दवाखान्याबाहेर, घरी झाला तरी तो धरायचा, आणि मृत्यूच्या दाखल्यावर कोविड लिहिलेलं नसलं म्हणून अर्ज नाकारायचा नाही, हे त्यात स्पष्ट होतं.

एप्रिलमध्ये गेलेल्या त्या शेतकऱ्याची बायको तालुक्याला एकदा जाऊन आली होती. दाखल्यावर कारण नाही, म्हणून खिडकीवरच्याने परत पाठवलं होतं. ती पुन्हा गेली नाही. फळ्यावर आम्ही तीस दिवसांचा नियम लिहिला, आणि ‘दाखल्यावर कारण नसेल तरी चालतं, तपासणीची चिठ्ठी शोधा’ असं मोठ्या अक्षरात. तिला वाचता येत नाही. तिच्या शेजारणीच्या मुलीने वाचलं, सातवीतली, माझीच विद्यार्थिनी.

चिठ्ठी सापडली ती तांदळाच्या डब्यात, लाल रुमालात. अँटिजेन तपासणीची, चार बोटांएवढी, पेनाने लिहिलेली, खाली सही आणि अर्धवट उमटलेला शिक्का. तारीख मात्र स्वच्छ होती. त्या तारखेपासून मृत्यूपर्यंत सतरा दिवस. ग्रामसेवकांनी अर्ज भरला. शासन निर्णयाची प्रत सोबत नेली, परिच्छेदाला लाल शाईने खूण करून. पैसे मार्चमध्ये तिच्या खात्यात आले. तिने पहिल्यांदा सोसायटीचं कर्ज फेडलं.

जानेवारी २०२२

१० जानेवारीपासून आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि साठीवरच्या, जुने आजार असलेल्यांना तिसरा, खबरदारीचा डोस सुरू झाला. दुसऱ्या डोसनंतर नऊ महिन्यांनी. मी फळ्यावर लिहायला गेलो. वर अजून ‘६ ते ८’ ही रेघ मारलेली ओळ होती, पावसाने फिकी झालेली. मी तीच पुन्हा खडूने गडद केली आणि खाली नवी ओळ लिहायला घेतली.

काकाजी मागे उभे होते. त्यांनी आपली पहिली लस २१ जूनला घेतली होती, काकूंची दुसरी व्हायच्या आठ दिवस आधी. दुसरी १३ सप्टेंबरला. माझी ओळ पुरी व्हायची वाट न पाहता त्यांनी बोटांवर मोजलं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर...

‘‘माही तेरा जूनले येते गुरुजी,’’ ते म्हणाले. ‘‘पेरणीचे दिवस. दोन दिवस आधी सांगजा, म्हंजे पोट्ट्याले वावरात पाठवतो.’’

मी फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात १३ जून लिहून ठेवलं.